उजव्या सोंडेचा गणपती आणि फ्लिपचं बटण

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या अंकाचा विषय : व्हिडिओ गेममधले देव, दैत्य आणि भुतंखेतं.

प्रश्न : फायनल फँटसीमध्ये ‘शिवा’ नावाची निळसर अंगाची बाई येते आणि शत्रूंना बर्फात गोठवते. आपल्या शंकराशी तिचा काही संबंध आहे का? आमचे बाबा म्हणतात, हा अपमान आहे. — कॉलेज विद्यार्थी, सांगली

संबंध फक्त नावाचा. १९९० साली आलेल्या तिसऱ्या फायनल फँटसीपासून ही शिवा बर्फाची मालकीण आहे. खेळाडू मदतीला बोलावू शकतो अशा शक्तींच्या यादीत तिच्याबरोबर अरबी लोककथांमधला इफ्रित, उत्तर युरोपातला ओडिन आणि हिब्रू परंपरेतला समुद्रराक्षस लेव्हायथन असे सगळे एका रांगेत उभे केलेले आहेत. तिसरा डोळा, जटा, तांडव, स्मशान यांपैकी तिच्यात काहीच नाही.

याच मालिकेतल्या बहामूतचा प्रवास पाहिलात तर हे कसं घडतं ते कळेल. मध्ययुगीन अरबी विश्ववर्णनात बहामूत हा प्रचंड मासा आहे. त्याच्या पाठीवर बैल उभा, बैलावर खडक आणि त्याही वर पृथ्वी. १९७०च्या दशकात डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर खेळायच्या अमेरिकन खेळाने हे नाव उचललं आणि ड्रॅगनला दिलं. १९८७च्या पहिल्या फायनल फँटसीत बहामूत ड्रॅगनांचा राजा झाला, आणि आज जगभरच्या खेळाडूंच्या डोळ्यांपुढे त्या नावाने पंखच येतात. गंमत म्हणजे माशाच्या पाठीवरचा तो बैलही पुढे ‘कुजाता’ नावाने या मालिकेत आला आणि बैलच राहिला. खेळ बरेचदा मूळ कथेतून न घेता आधीच्या खेळातून घेतात, आणि प्रत्येक हस्तांतरात थोडं काही गळत जातं.

तेव्हा बाबांना सांगा, अपमान करायला आधी ओळख लागते. इथे ओळखच करून घेतलेली नाही. आमच्या मते हीच खरी तक्रार आहे.

याउलट शिन मेगामी टेन्सेई ही दुसरी जपानी मालिका पाहा. तिथे देव-दैत्यांचा संयोग करून नवी शक्ती मिळवायची असते. नॉक्टर्न या भागात शिव हवा असेल तर बालीच्या लोककथेतली चेटकीण रांगडा आणि तिचा वैरी बारोंग यांचाच संयोग करावा लागतो. दुसरी कुठलीही जोडी चालत नाही, आणि तुमची स्वतःची पातळी शिवाच्या पातळीला पोहोचली नसेल तर संयोग होतच नाही. बालीच्या नृत्यनाट्यात रांगडा आणि बारोंग यांची लढाई कधीच निकाली लागत नाही. ते दोन्ही विरोध एकत्र आले की शिव, असा हा विचार आहे. शास्त्राला धरून नसेल, पण विचार आहे. पहिल्या खेळाने नाव घेतलं, दुसऱ्याने नियम घडवला. पुढच्या सगळ्या उत्तरांत आम्ही याच फरकाकडे बोट दाखवणार आहोत : देवाचा चेहरा किती जुळतो ते नंतर बघा, तुमच्या हातून खेळ काय करवून घेतो आणि ते त्या देवाच्या कथेतून आलंय का, ते आधी बघा.

प्रश्न : हेडीसमध्ये प्रत्येक देवाकडून एक-एक वरदान घेते, तरी तिसऱ्या टप्प्यापुढे जाता येत नाही. आणि खेळाचा नायक झाग्रियस हा खरंच पाताळाचा राजा हेडीस याचा मुलगा आहे का? — वाचक, ठाणे

‘प्रत्येकाकडून एक-एक’ हीच चूक आहे. एका फेरीत ऑलिंपसच्या देवांपैकी जास्तीत जास्त चारच तुम्हाला भेटतात; हर्मीस आणि केऑस त्या हिशेबाबाहेर. म्हणजे चौघांत विखुरण्यापेक्षा दोघांवर भर द्या. एक मुख्य हल्ल्यासाठी, दुसरा झेप किंवा खास हल्ल्यासाठी. दोघांची ठरावीक वरदानं जमली की जोड-वरदान समोर येऊ शकतं, उदाहरणार्थ झ्यूस आणि पोसायडनचं : लाटेने शत्रू ढकलला की त्याच्यावर वीजही कोसळते. विखुरलेल्या वरदानांतून हे कधीच जुळत नाही.

हवा तो देव भेटावा म्हणून आधी त्याला नेक्टरची बाटली द्या. तो एक स्मृतिचिन्ह देतो. ते बरोबर घेऊन निघालात की पुढचं वरदान त्याच देवाचं येतं. एक टप्पा संपल्यावर चिन्ह बदलता येतं, तेव्हा पहिल्या टप्प्यात एका देवाचं आणि दुसऱ्यात दुसऱ्याचं लावा. वेगाने अनेक वार करणारं शस्त्र असेल तर डायोनिससची नशा चांगली, कारण ती वारागणिक साठत जाते, पण पाच थरांपर्यंतच. सावकाश, जड वार करणाऱ्या शस्त्राला ती देऊ नका. तिथे आर्टेमिस किंवा अ‍ॅफ्रोडाइटी उपयोगी पडते.

झाग्रियसबद्दल. ऑर्फियस या ग्रीक गायकाच्या नावावर चालत आलेल्या, प्रचलित ऑर्फिक कथेत तो झ्यूस आणि पर्सेफोनीचा मुलगा. टायटन त्याला फाडून खातात आणि तोच पुढे डायोनिसस म्हणून जन्मतो. पण एस्किलस या ग्रीक नाटककाराच्या नाटकाच्या एका तुटक अवशेषात त्याचं नातं हेडीसशी जोडलेलं आहे. खेळाने तो बारीक धागा पकडला. मग प्रचलित कथेचं काय केलं? खेळात झाग्रियस आणि डायोनिसस दोघं मिळून ऑर्फियसची थट्टा करतात, ‘आम्ही दोघं एकच आहोत’ असं त्याला सांगतात, आणि तो बिचारा खरं मानून त्याचं स्तोत्र रचतो. म्हणजे ऑर्फिक परंपरा जन्मली कशी, याचं खेळानेच दिलेलं उत्तर! मूळ कथा नाकारायची नाही, तिला आपल्या कथेत जागा करून द्यायची. रूपांतर कसं करावं हे शिकायचं असेल त्याने हा प्रसंग दोनदा खेळावा.

प्रश्न : विचर ३ मध्ये विहिरीजवळच्या नूनरेथ या भुतावर तलवारीचे वार चालतच नाहीत. — वाचक, अकोला

आधी जमिनीवर यर्डेन या मंत्राचं वर्तुळ टाका आणि तिला त्यात येऊ द्या. वर्तुळात ती सशरीर होते. चांदीच्या तलवारीला भुतांवरचं तेल लावा, मून डस्टचा बाँब हाताशी ठेवा. ती स्वतःच्या प्रतिकृती काढते तेव्हा मूळ बाईच्या मागे न धावता आधी प्रतिकृती संपवा. वर्तुळाची मुदत संपतेय का यावर लक्ष हवं. बहुतेक जण मरतात ते तिथेच.

स्लाव्ह लोककथांतली ही ‘दुपारची बाई’ कापणीच्या दिवसांत भर उन्हात शेतात गाठते आणि माणसाला भोवळ आणते. उन्हाच्या झटक्यालाच दिलेलं ते रूप आहे. ‘भर दुपारी बाराला विहिरीवर एकटं जाऊ नको’ असं आपल्याकडे आजी सांगायची, तिला ही बाई लगेच ओळखू आली असती.

प्रश्न : गॉड ऑफ वॉरमध्ये लोकी हा खेळाच्या नायकाचा, क्रेटोसचा मुलगा दाखवलाय. नॉर्स म्हणजे उत्तर युरोपच्या कथांमध्ये असं कुठेच नाही. मग याला रूपांतर म्हणायचं की मोडतोड? — वाचक, पुणे

मोडतोड आहे, पण जोड कुठे द्यायची हे ठाऊक असलेल्या कारागिराने केलेली. बाल्डर या देवाच्या मृत्यूचंच उदाहरण घेऊ.

तेराव्या शतकात आइसलंडमध्ये स्नोरी स्टर्लुसनने लिहिलेल्या एडा या ग्रंथात कथा अशी : बाल्डरला वाईट स्वप्नं पडतात. त्याची आई फ्रिग आग, पाणी, लोखंड, दगड, आजार, प्राणी अशा सगळ्यांकडून ‘बाल्डरला इजा करणार नाही’ अशी शपथ घेते. मिसलटो हे बांडगूळ फारच कोवळं वाटलं म्हणून तेवढं सोडते. लोकी वेश पालटून हे गुपित तिच्याकडून काढून घेतो आणि आंधळ्या होडच्या हातून तीच फांदी बाल्डरवर फेकवतो.

आता २०१८चा खेळ. इथे फ्रिग आणि फ्रेया एकच केल्या आहेत. आईने मंतरल्यामुळे बाल्डरला इजा होत नाही, पण वेदनेबरोबर चव, स्पर्श, ऊब सगळंच गेलंय. म्हणून तो पिसाळलेला आहे, आणि आईवरच सूड घ्यायला निघालाय. सिंड्री हा बुटका लोहार क्रेटोसच्या मुलाला, अट्रेयसला मिसलटोचे बाण देतो. ते फ्रेयाच्या नजरेस पडताच ती जाळून टाकते. त्याआधी अट्रेयसच्या भात्याचा पट्टा तुटलेला असतो आणि क्रेटोसने तो एका बाणाच्या टोकाने अडकवलेला असतो. शेवटी बाल्डर पोराच्या छातीवर ठोसा मारतो, ते टोक त्याच्या हातात घुसतं आणि मंत्र तुटतो. पोराचं खरं नाव लोकी आहे हे खेळाडूला त्यानंतर कळतं.

होड गेला, शपथा गेल्या, कपट गेलं. पण मिसलटो, आईची माया आणि लोकीचा हात, कथेला ज्यांच्यावाचून चालत नाही त्या तिन्ही गोष्टी जागेवर आहेत. आणि त्या पट्ट्याची डागडुजी आपल्यासमोरच होते. खेळाडूला तेव्हा ती किरकोळ वाटते.

२०२२च्या रॅग्नारॉकमध्येही हीच पद्धत आहे. कथेत लोकी आणि आंग्रबोडा हे महासर्प आणि फेनरिर लांडग्याचे आईबाप. खेळात दोघंही किशोरवयीन, त्यामुळे तसं दाखवणं शक्य नाही. म्हणून ती दोघं एका निष्प्राण सापात राक्षसाचा आत्मा घालतात, आणि मेलेल्या फेनरिरचा आत्मा लोकीच्या सुरीतून गार्म या महाकाय लांडग्याच्या देहात जातो. जन्म दिला, फक्त वेगळ्या अर्थाने. हे दोन्ही खेळ १८ वर्षांवरच्यांसाठी आहेत, हे घरात लहान मुलं असतील त्यांनी लक्षात ठेवावं.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीला ओकामी आणून दिला. सूर्य काढायला सांगतात, ती गोल काढते, पण काहीच होत नाही. — पालक, मडगाव

तीन गोष्टी तपासा. गोल बंद होतो का? सुरुवात आणि शेवट एकमेकांना भिडले पाहिजेत. गोल आकाशात काढतेय का? तोच गोल वाळलेल्या झाडाभोवती काढला तर फुलोरा येतो. आणि शेवटी रेघ गोलाच्या आत घसरते का? गोलावर आडवी रेघ म्हणजे खेळाच्या भाषेत चेरी बाँब, तो पुढे शिकायचा असतो. निन्टेन्डो स्विच असेल तर तो टीव्हीपासून काढून हातात धरा आणि बोटाने पडद्यावरच काढू द्या. लहान हातांना कंट्रोलरच्या काडीपेक्षा ते फार सोपं जातं.

शाई संपली तर घाबरू नका. शाईची भांडी रिकामी झाली की खेळाची नायिका, लांडगीच्या रूपातली सूर्यदेवी अमातेरासू हिच्या अंगावरच्या लाल खुणा मावळतात आणि ती साधी पांढरी लांडगी होते. थोडं थांबलं की शाई आपोआप भरते. हीच या खेळाची खोली आहे. इथे देवीला बळ मिळतं ते लोकांच्या कृतज्ञतेतून : झाड फुलवा, पाखरांना दाणे घाला, म्हाताऱ्याचं काम करून द्या, की त्याचे गुण जमतात आणि त्यातूनच तिचा प्राण आणि शाई वाढवता येते.

मुलगी मोठी होईल तेव्हा तिला शस्त्रं नीट बघायला सांगा. आरसा, मण्यांची माळ आणि तलवार, हे तीनच प्रकार आहेत. जपानी सम्राटांची तीन राजचिन्हंही हीच. आठ तोंडांच्या ओरोची या सर्पाला ७१२ सालच्या कोजिकी ग्रंथात सुसानोओ मद्याची आठ पिंपं पाजून गुंगवतो. खेळात मुलीला ब्रशने मद्याची धार ओढून त्याच्या तोंडात सोडावी लागेल. कथेतली कृती बोटांत आली.

प्रश्न : ब्लॅक मिथ : वुकाँग खेळण्याआधी मूळ कादंबरी वाचायला हवी का? आणि सुन वुकाँग म्हणजे आपला हनुमानच ना? — वाचक, नागपूर

दुसऱ्या प्रश्नावर चिनी विद्वानांतच १९२०च्या दशकापासून वाद आहे. हू शी यांनी हनुमानाकडे बोट दाखवलं, लू शुन यांनी वूझीची या चिनी जलराक्षसाकडे. साम्य आहे, पण स्वभाव फार वेगळा. वुकाँग दगडातून जन्मतो, स्वर्गाविरुद्ध बंड करतो, त्याला शिक्षा होते. सेवा हा त्याचा मूळ भाव नाही. ‘आपलाच’ म्हणून खेळायला बसाल तर निम्मा खेळ हातचा जाईल.

‘जर्नी टू द वेस्ट’ ही ती चिनी कादंबरी वाचली नसली तरी अडत नाही, पण निदान सोळावं आणि सतरावं प्रकरण वाचा. खेळाचा पहिला अध्याय त्यावरच उभा आहे. कादंबरीत वृद्ध मठाधिपती जिनची याला वुकाँगच्या गुरूच्या, तांग भिक्षूच्या कफनीचा मोह पडतो. ग्वांगझी आणि ग्वांगमोउ हे त्याचे दोन शिष्य पाहुण्यांना मारण्याचा बेत करतात, आणि दुसऱ्याच्या सल्ल्याने आग लावायचं ठरतं. वुकाँग स्वर्गात जाऊन विरूपाक्षाकडून (होय, चार दिक्पालांपैकी पश्चिमेचा विरूपाक्षच) अग्निरोधक आच्छादन मागून आणतो, गुरूवर घालतो आणि बाकीचा मठ खुशाल जळू देतो. त्या गोंधळात काळा अस्वल-राक्षस कफनी पळवतो.

आता खेळात काय करायचं ते. पहिल्या अध्यायात तीन घंटा आहेत : एक ग्वांगझीच्या आवारात, दुसरी ग्वांगमोउजवळ, तिसरी पांढऱ्या वस्त्रातल्या सर्प-सरदाराला हरवल्यावर तिथेच. तिन्ही वाजवल्या की तुम्ही जुन्या ग्वानयिन मठात पोहोचता आणि समोर जिनची येतो. त्याला हरवलंत की मिळतं तेच अग्निरोधक आच्छादन. लावलं की काही काळ आगीची बाधा होत नाही, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी जो काळा अस्वल भेटतो तो आग वापरतो. घाईत घंटा सोडून पुढे जाणारे तिथे भाजून निघतात. पुढच्या अध्यायातूनही देवळीच्या थांब्यावरून मागे येता येतं, पण उपयोग आत्ताच जास्त. कादंबरी वाचलेल्या माणसाला दोन शिष्यांची नावं पाहूनच ‘इथे काहीतरी असणार’ असा सुगावा लागतो. वाचनाचा इतका रोकडा फायदा दुसऱ्या खेळात क्वचित मिळतो.

प्रश्न : आम्ही चौघं मिळून खंडोबावर छोटा टू-डी गेम करतोय. लोकांच्या भावना दुखवायच्या नाहीत आणि खेळ कंटाळवाणाही नको. कुठे चुकायची शक्यता आहे? — अभियांत्रिकीचे विद्यार्थी, पुणे

सर्वांत आधी, खेळाडूच्या हाती कोण द्यायचं ते ठरवा. २००९ साली प्लेस्टेशन २वर भारतात तयार झालेला हनुमान : बॉय वॉरियर आला, तेव्हा मुख्य आक्षेप हाच होता की देवाला खेळाडूच्या बोटांवर नाचवलंय. तुमच्याच शहरातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली राजी केला. त्यात खेळाडू म्हणजे भावाला शोधणारी साधी मुलगी. देव शस्त्रं देतात आणि कथा सांगतात. वाघ्या, मुरळी, धनगर किंवा घोडेस्वार यांपैकी कुणी तुमचा नायक होऊ शकतो. आम्ही वाघ्या निवडला असता.

दुसरी गोष्ट म्हणजे मणी आणि मल्ल. त्यांना रक्तपट्टी असलेले दोन बॉस करून मोकळे होऊ नका. मल्हारी माहात्म्यात हरलेला मणी शरण येतो, आपला घोडा देतो आणि देवाजवळ जागा मागतो. त्याची पूजाही होते. मल्लाचं डोकं पायरीशी. म्हणजे या कथेत लढाई मरणाने संपत नाही, मागण्याने संपते. तोच नियम करा : मणीची शक्ती दहा टक्क्यांवर आली की हल्ल्याचं बटण बंद, आणि तो काय मागतोय ते ऐकायचं. तिथेही जो वार करायला जाईल त्याचा भंडारा कमी व्हावा. भंडारा उधळल्याने वाढतो की साठवल्याने, हे आधी कागदावर ठरवा. वीसेक चिठ्ठ्या आणि एक फासा घेऊन दोन संध्याकाळी खेळून पाहा, मगच कोडिंगला हात घाला. एज ऑफ मिथॉलॉजी या २००२च्या खेळात ग्रीक लोक मंदिरात प्रार्थना करून, इजिप्शियन स्मारकं बांधून आणि नॉर्स लोक लढून देवांची कृपा मिळवतात. एकच साधन मिळवायच्या तीन रीती, आणि तीन धर्म वेगळे वाटायला लागतात. हे जमलं तर चित्रं साधी असली तरी चालतील.

तिसरी चूक अगदी बारीक, पण ती हमखास होते. टू-डी पात्र उजवीकडे तोंड करून काढतात आणि डावीकडे वळवायला तीच प्रतिमा आरशासारखी उलटतात. खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं बटणच असतं : युनिटीत ‘फ्लिप एक्स’, गोडोमध्ये ‘फ्लिप एच’. माणसाला चालतं, देवाला नाही. जेजुरीच्या वाटेवर गणपतीचं देऊळ दाखवलंत आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटून लावलंत, तर डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो, आणि त्याचं सोवळं किती कडक ते तुमच्या घरचे सांगतील. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म कोणत्या क्रमाने आहेत त्यावरून केशव, नारायण, माधव अशी २४ नावं ठरतात. चित्र उलटलं की नावच बदलतं. खंडोबाच्या उजव्या हातातला खंडा डाव्यात जाईल. उपाय दोन : देवमूर्तींसाठी डाव्या-उजव्या दोन वेगळ्या प्रतिमा काढा, किंवा हात आणि आयुधं वेगळ्या थरावर ठेवून फक्त धड उलटा. दुसऱ्या उपायात वेळ वाचतो, पण खांद्यापाशी सांधा दिसतो. तो उपरण्याने झाका.

पुढे थ्री-डीकडे गेलात तर चार हातांचा प्रश्न येईल. तयार मिळणारे सांगाडे दोन हातांचेच असतात, आणि युनिटीची ह्युमनॉइड रचनाही दोनच हात ओळखते. जादा हातांची हाडं वेगळी जोडावी लागतात आणि त्यांची हालचाल हातानेच करावी लागते. मूर्तिकारांनी याची वाट फार पूर्वी काढून ठेवली आहे : मागचे हात आयुधं धरून स्थिर, पुढचे हात अभय-वरदाचे. खेळातली सगळी क्रिया पुढच्या दोन हातांना द्या आणि मागच्यांना श्वासाइतकंच हलू द्या.

चाचणीला किमान पाच माणसं घ्या. त्यात एक तरी दर सोमवती अमावास्येला जेजुरीला जाणारा हवा, आणि एक तरी खंडोबाचं नावही न ऐकलेला. पहिला कुठे थबकतो आणि दुसरा कुठे कंटाळतो, ते लिहून ठेवा. अलास्कातल्या इन्युपियात समाजाबरोबर २०१४ साली तयार झालेल्या नेव्हर अलोनच्या चमूने कथा वापरण्याआधी ती सांगणाऱ्या कथेकऱ्याच्या मुलीची परवानगी घेतली आणि निवेदन त्यांच्याच भाषेत ठेवलं. तुम्हीही जागरण-गोंधळ घालणाऱ्या एखाद्या वाघ्याच्या घरी जा, कच्चा खेळ त्याच्या हातात द्या. त्याने भंडारा कुठल्या क्षणी उधळला ते बघा, आणि बटण तिथेच ठेवा.